हात पुरेल अशी सायकल

९ फेब्रुवारी, रविवार

आज सायकलवरून उतरले तर हेल्मेटचा पट्टा सुटेना. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट जणू दुसऱ्याच कुणाचं. शेवटी कॅप्टनने माझी हनुवटी वर केली आणि शाळेत सोडायला आणलेल्या पोरीचा सोडावा तसा पट्टा सोडला.

कॅप्टन म्हणजे आमच्या रविवारच्या बायकांच्या सायकल गटाची पुढारी. निवृत्त क्रीडाशिक्षिका. अजून शिट्टी गळ्यात असल्यासारखीच बोलते.

"ही सायकल कुणाची?"

"नवऱ्याची."

"मग नवऱ्याला दे परत. तू सायकल चालवत नाहीस, सायकलवर आडवी पडून पोहतेस."

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण लागलं जरा. गुडघ्याने पळणं बंद पाडलं तेव्हापासून रविवारची ही सकाळ म्हणजे माझी एकटीची मालमत्ता आहे. नवऱ्याने मोठ्या हौसेने घेतलेली ही रोड बाईक पार्किंगमध्ये धूळ खात होती म्हणून मी ती काढली. तो स्वतः चार वेळा बसला असेल. एप्रिलच्या शेवटी सगळा गट धरणापर्यंत जाणार आहे. मला जायचंय. फार जायचंय.

११ फेब्रुवारी

आज लॅबमध्ये हात घसरला. मी कवळ्या बनवते. मेणात एकेक दात बसवायचा असतो, केसभर इकडेतिकडे झालं तरी माणूस हसला की वेगळाच दिसतो. पुढचा दात बसवताना बोट दगा देऊन गेलं आणि सुरी मेणातून आरपार. साहेबांनी चष्म्यावरून नुसतं बघितलं. त्यांनी ओरडलेलं परवडलं असतं.

संध्याकाळी डॉक्टरकडे गेले. तळहाताच्या कडेची नस दबतेय म्हणाले, सगळं वजन हातावर येतंय. "सायकल बंद करा, नाहीतर बदला." पहिला अर्धा भाग मी ऐकलाच नाही.

नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "अगं, सीट खाली कर, झालं!"

सीट खाली केली तर गुडघे कानाला लागतात. वर केली तर हँडल पुढच्या गल्लीत. हे त्याला समजावून सांगेपर्यंत तो दात घासायला गेला.

१५ फेब्रुवारी, शनिवार

पहिलं दुकान. बाजारातलं सगळ्यात मोठं.

निघताना सासूबाई चपला घालून दारात उभ्या. "मी पण येते. घरात बसून काय करू?" त्या गेल्या वर्षी सासरे गेल्यावर आमच्याकडे आल्या. पूर्वी टेलिफोन खात्यात होत्या, त्यामुळे बोलण्याची सवय दांडगी आणि इथे बोलायला कुणी नाही. मला खरं तर एकटीने जायचं होतं. नवराही आलाच. म्हणजे सायकल एक आणि वरात तिघांची.

दुकानदार सगळा वेळ नवऱ्याशी बोलत होता. उंची माझी विचारायची, पण नवऱ्याला. वजनसुद्धा! ते नवऱ्याने उत्साहाने सांगून टाकलं, आणि वर दोन किलो चढवून. मग माझ्याकडे वळून म्हणतो, "मॅडमना रंग कुठला आवडतो?" आणि एक लेडीज सायकल पुढे केली. पुढे टोपली, टोपलीवर प्लास्टिकची फुलं.

मी म्हटलं, "मला धरणापर्यंत जायचंय."

तो म्हणाला, "टोपलीत पाण्याची बाटली छान मावते."

सासूबाईंनी तेवढ्यात दुसऱ्या पोराला गाठलं होतं. चढताना पाय मागून टाकायचा की मधून? थांबताना आधी कुठला पाय टेकायचा? तो बिचारा मला लांबून हाताने खुणा करून दाखवत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी सायकल चालवते हो, म्हणून ओरडावंसं वाटलं.

१९ फेब्रुवारी

पार्किंगमध्ये सायकलची सीट पार खाली केलेली सापडली. वॉचमनचा उद्योग असणार. वर केली.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आजचं दुकान म्हणजे काचेचा महाल. आत शिरताना बूट पुसावेसे वाटले. नवरा आला नाही, सासूबाई आल्या. नको म्हणायला जीभ रेटली नाही.

विक्रेता देखणा होता आणि ते त्याला माहीत होतं. माझी उंची संगणकात घातली, संगणकाने क्षणात आकडा दिला आणि तो म्हणाला, "हा तुमचा साइझ." मग 'खास महिलांसाठी' म्हणून एक रोड बाईक काढली. मी निरखून बघितली. शेजारच्या पुरुषांच्या सायकलीची सख्खी जुळी, फक्त जांभळी.

बसले. तीच गत. कोपरं ताठ, मान वर, बोटं ब्रेकपर्यंत पोचतात न पोचतात.

"हात पुरत नाहीये," मी म्हटलं.

"सवय होईल, मॅडम."

हे वाक्य मी चांगलं ओळखते. कवळी बोचते म्हणून कुणी परत आलं की दवाखान्यात त्याला हेच सांगतात, आणि पंधरवड्याने तीच कवळी माझ्या टेबलावर येते, हिरडीला जखमा करून. सवय वगैरे काही होत नाही. माप चुकलेलं असतं.

मी हे सगळं त्याला तोंडावर सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. "विचार करून कळवते" म्हणून बाहेर पडले. घरी येईपर्यंत मनातल्या मनात त्याला सतरा उत्तरं देऊन झाली.

सासूबाई तिकडे छोट्या सायकलींच्या रांगेत उभ्या होत्या. एका हँडलला हात लावला तर तो देखणा म्हणाला, "आजी, जरा बाजूला व्हा, लागेल." परतताना त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. पाठ दुखत असेल. इतका वेळ उभं राहायची सवय नाही त्यांना. पुढच्या वेळी घरीच थांबा म्हणून सांगेन.

२७ फेब्रुवारी

सासूबाईंनी कॅनव्हासचे बूट आणले. नाडीवाले. चालायला म्हणे. माझी जुनी ट्रॅक पँटही मागितली, गुडघ्यांना थंडी वाजते म्हणून. दिली. कोपराला खरचटलं होतं. विचारलं तर म्हणाल्या, "दार लागलं."

आमच्या घरातली दारं हल्ली फारच अंगावर यायला लागली आहेत. परवा नडगीलाही लागलं होतं.

२ मार्च, रविवार

गेले नाही. डॉक्टर नको म्हणाले म्हणून, असं कॅप्टनला कळवलं. खरं कारण, मला कंटाळा आलाय. दोन दुकानं झाली, दोन्हीकडे मीच चुकीच्या मापाची असल्यासारखी बाहेर पडले. माझे हात आखूड, बोटं बुटकी, मन मात्र धरणापर्यंत लांब. एखादी शहाणी बाई पोहायला गेली असती.

चहा घेताना नवऱ्याला हे बोलून दाखवलं. तो म्हणाला, "जाऊ दे ना. आता या वयात कशाला एवढा—"

"कुठल्या वयात?" स्वयंपाकघरातून आवाज आला. असा टोकदार की नवऱ्याने कप खाली ठेवला.

सासूबाई माझी बाजू घेतील असं वाटलं नव्हतं. बरं वाटलं. पार्किंगमध्ये जाऊन आले तर सायकलच्या चाकांत टणटणीत हवा. म्हणजे नवऱ्याला बोलल्याचं वाईट वाटलेलं दिसतंय. तोंडाने कबूल करणार नाही, हवा भरून ठेवेल. स्वभाव.

८ मार्च, शनिवार

सापडलं! सायकल नाही, दुकान.

कॅप्टननेच पत्ता दिला. जिन्याखालची जागा, आत शिरायला कडेने सरकावं लागतं. छताला सायकली टांगलेल्या, एकीचं पेडल माझ्या डोक्याला लागलं. दुकान चालवते ती बाई, गळ्यात मोजपट्टी, शिंप्यासारखी. मी मनात तिला मोजपट्टीबाई म्हणून टाकलं. दहा वर्षं शर्यतींत होती, मग हे दुकान काढलं.

तिने आधी उंची विचारलीच नाही. बूट काढायला लावले, भिंतीला टेकवून उभं केलं. पायांचं माप, धडाचं, हातांचं, तळहाताचंसुद्धा. मग म्हणाली, "तुमचे पाय उंच बाईचे आहेत आणि धड बुटक्या बाईचं. दोघींनी मिळून एक सायकल घ्यायची आहे, एवढाच प्रश्न आहे."

सासूबाई इतक्या मोठ्याने हसल्या की टांगलेल्या सायकली हलल्या असतील.

सीट महिलांची, रंग महिलांचा, यात काही नसतं म्हणाली. सीटपासून हँडलपर्यंतचं अंतर बघायचं. दोन माणसांची उंची एक असली तरी हे अंतर एक नसतं, आणि उंचीवरून साइझ सांगणारा तेवढंच विसरतो. ब्रेकच्या दांड्याही स्क्रू फिरवून जवळ घेता येतात. हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मी वर्षभर बोटं ताणत होते.

मग तिने एक लहान फ्रेमची सायकल दिली, हँडल धरणारा मधला तुकडा आखूड बसवून. गल्लीत चक्कर मारून या म्हणाली. मी निघाले आणि वळणावर हँडल असं काही गर्रकन फिरलं की मी एका कचरापेटीच्या गळ्यात पडले. हँडल पोटाशी आलं होतं. बाबागाडी ढकलत असल्यासारखं वाटत होतं.

परत येऊन भीतभीत सांगितलं. सवय होईल म्हणाली तर इथूनच घरी, असं ठरवलं होतं.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "फार जवळ आणलं." आणि पाना उचलला.

दुसऱ्यांदा बरं होतं. तिसऱ्यांदा, काय सांगू, मी हँडल धरलंय हेच विसरले. खांदे आपोआप खाली आले. गल्लीच्या टोकापर्यंत गेले आणि उगीचच अजून एक गल्ली गेले. ही सायकल गिऱ्हाइकाची निघाली, तशी नवी मागवावी लागेल. तीन-चार आठवडे. चालेल. मी होकार देऊन टाकला.

मी बाहेर होते तेव्हा सासूबाईही बूट काढून भिंतीशी उभ्या राहिल्या होत्या म्हणे. मोजपट्टीबाई स्वभावाने फार चांगली. म्हाताऱ्या माणसाला कंटाळा येऊ नये म्हणून कोण एवढं करतं?

२१ मार्च, शुक्रवार

शांतपणे लिहायचा प्रयत्न करते.

कवळ्या शिजवायचं यंत्र बिघडलं म्हणून साहेबांनी दुपारीच घरी सोडलं. फाटकातून आत आले तर इमारतीच्या मागच्या मोकळ्या जागेतून करकर आवाज. वळून बघते तर सासूबाई. माझ्या ट्रॅक पँटमध्ये, नाडीवाले बूट घालून, नवऱ्याच्या त्या धिप्पाड सायकलवर. सीट पार खाली. एक हात भिंतीला, एका पायाने जमीन ढकलत ढकलत चालल्या होत्या. तोंडाने काहीतरी मोजत होत्या.

मी ओरडले. ओरडायला नको होतं. त्यांनी दचकून माझ्याकडे बघितलं आणि सायकलसकट कुंड्यांवर आडव्या झाल्या.

तळहात सोलवटले, बाकी काही नाही. माझं मात्र तोंड सुटलं होतं. "आई, हाडं मोडली असती तर? हे काय वय आहे का?"

बोलले आणि माझंच मला ऐकू आलं.

त्यांनी सायकल उभी केली, सीट वर केली, अगदी माझ्या खुणेपर्यंत, आणि जिना चढून गेल्या. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वॉचमन. दारं. हवा. महिनाभर! मी दिवसभर केसभर फरक शोधणारी बाई, आणि घरात एवढं चाललेलं दिसलं नाही मला.

वर गेले, त्यांचे हात धुतले, औषध लावलं. मग म्हणाल्या, "माहेरी सायकल भावांची होती. इथे आल्यावर हे मला मागे बसवून न्यायचे. मागे बसायला मला फार छान यायचं. तोल असा सांभाळायची की ह्यांना वाटायचं मी पडले की काय वाटेत." हसल्या. "आता पुढे कुणी नाही, तर म्हटलं शिकून घ्यावं."

"मला सांगायचं होतं, आई."

"तू फार गडबडीत होतीस, अगं. तुझे हात पुरत नव्हते."

२२ मार्च

नवऱ्याला सांगायचं ठरवलं, आणि घरात आग लागली. "दोघींना वेड लागलंय," इथपासून सुरुवात. मी आवाज चढवला, त्याने चढवला. मग एकदम तो बसलाच. म्हणाला, "बाबांना बघितलं मी त्या हॉस्पिटलमध्ये. आता आईला नाही बघायचं तिथे. नाही जमणार मला."

इतक्या वर्षांत त्याने असं कधी बोलून दाखवलं नव्हतं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

सासूबाई त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "मग हॉस्पिटलमध्ये बघू नकोस. खाली येऊन बघ. मागून सीट धर."

"आई, मी काय सांगतोय—"

"ऐकलं मी. म्हणूनच म्हणते, धर."

३० मार्च, रविवार

नवरा आठवडाभर रोज संध्याकाळी सीट धरून पळतोय. ऑफिसच्या पँटमध्ये. त्या ओरडतात, "सोड ना रे आता!" तो सोडत नाही. काल त्यांनी चालत्या सायकलवरून त्याच्या हातावर चापट मारली. मारता येण्याइतका तोल आला म्हणायचा! तरी याने सोडलं नाही. शेवटी धाप लागून कठड्यावर बसला तेव्हा त्या एकट्याच निघून गेल्या. पूर्ण फेरी मारून आल्या आणि त्याच्यासमोर उतरल्या. उतरल्या कसल्या, थांबल्या आणि पडल्या नाहीत.

तो हसत होता. डोळेही पुसत होता. घाम म्हणे.

५ एप्रिल, शनिवार

आली! राखाडी रंगाची. रंगाबद्दल कुणी विचारलं नव्हतं, मलाही आठवण झाली नाही.

मोजपट्टीबाईने अर्धा तास खाली-वर, मागे-पुढे केलं. मला सायकलवर बसवून मागे गेली, दोन्ही बाजूंनी बघितलं, सीट अजून थोडीशी पुढे घेतली. "आता बोटं टाका ब्रेकवर." टाकली. पोचली. ताण नाही, काही नाही, चहाचा कप उचलावा तशी.

सासूबाई मागेच उभ्या होत्या. मोजपट्टीबाईने आतून दुसरी सायकल काढली. लहान चाकांची, दांडी वाकून खाली आलेली, गुडघा फारसा न उचलता पाय पलीकडे जाईल अशी. सीटवर बसूनही दोन्ही पाय जमिनीला लागतात. "यांची तयार होऊन पडली आहे कधीची. म्हटलं येतील तेव्हा येतील."

"यांचं माप कधी घेतलं?"

"त्याच दिवशी. तुम्ही कचरापेटीत होता तेव्हा."

त्यांना त्या देखण्याच्या दुकानावरून एकदा चालवत जायचं आहे. मी म्हटलं, जाऊ.

१३ एप्रिल

तीस किलोमीटर. उतरल्यावर हेल्मेटचा पट्टा स्वतः सोडला, पहिल्या झटक्यात. कुणी बघितलं नाही म्हणून परत लावून परत सोडला.

२७ एप्रिल, रविवार

धरणापर्यंत जाऊन आले. पाय लाकडाचे झालेत, नाक भाजलंय, बोटं ठणठणीत. चढावर दोनदा वाटलं की संपलं, पण ते पायांना वाटलं, हातांना नाही. वर पोचल्यावर पाणी इतकं लांबवर पसरलेलं दिसलं की सगळ्या बायका एकदम गप्प झाल्या. असं आमच्या गटात कधी होत नाही. धरणाचं आणखी वर्णन उद्या लिहीन, नाहीतर नाहीच लिहिणार. मला सकाळचं लिहायचंय.

सासूबाई पुलापर्यंत येणार असं ठरलं होतं. पुलापाशी नवरा गाडी घेऊन थांबणार, त्यांना आणि सायकलला घरी नेणार. कॅप्टन मनातून नाखूश होती. "उशीर होईल," म्हणाली. मग सासूबाईंकडे वळून, "तुम्ही सगळ्यात मागे राहा, तुमच्या मागे सून."

निघालो. उजाडत होतं, रस्ता रिकामा. पहिल्या वळणापर्यंत बाकीच्या दिसेनाशा झाल्या. मी सासूबाईंच्या मागे, दोन सायकलींचं अंतर ठेवून. त्यांची पाठ एकदम ताठ, हेल्मेट किंचित तिरकं. आणि मला राहवेना. "आई, डावीकडे! आई, खड्डा! ब्रेक हळू दाबा! आई, गाडी येतेय मागून, नाही, गेली!"

त्या चालवत राहिल्या. थोड्या वेळाने समोर बघतच ओरडल्या, खड्या आवाजात, टेलिफोन खात्यातल्या.

"अगं, मागून बोलू नकोस! मला अजून मागे वळून बघता येत नाही. काय सांगायचं ते शेजारी येऊन सांग!"

मी दोन पेडल मारली आणि शेजारी गेले. त्यांनी मान न वळवता, नुसत्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून मी आले का ते बघितलं.

शेजारी गेल्यावर मात्र सांगण्यासारखं काही उरलंच नाही. पुलापर्यंत आम्ही दोघी तशाच शेजारी शेजारी गेलो. तिथे नवरा गाडीच्या टपावर हात आपटून टाळ्या वाजवत होता आणि कॅप्टन कंबरेवर हात ठेवून उभी होती. ती म्हणते, आम्ही सगळा रस्ता अडवून ठेवला होता.